धूळपाटीची कसोटी



पैसे न मोजता मिळणाऱ्या वस्तूसाठी मराठीत तीन शब्द आहेत. सरकारी कागदावर 'विनामूल्य' असतं. दुकानाच्या पाटीवर 'मोफत' असतं. हा शब्द फारसीतून आला आणि इथलाच होऊन राहिला. घरात मात्र आपण 'फुकट' म्हणतो. शब्द बदलला की मनातला भावही बदलतो. विनामूल्य म्हटलं की रांगेत उभं राहायची तयारी होते, मोफत म्हटलं की हात पुढे होतो, आणि फुकट म्हटलं की कपाळावर बारीकशी आठी पडते.

प्राथमिक शाळेच्या वर्गात इंटरनेटवरची जी साधनं आज आली आहेत, त्यांना हे तिन्ही शब्द लागू पडतात. गोष्टींची पुस्तकं, नकाशे, चित्रफिती, गणिताचे खेळ, अक्षरं वाचून दाखवणारे आवाज, असं कितीतरी एक रुपयाही न देता मिळतं. मी शिक्षक नाही. बी. ए. झालो, नोकरी केली आणि कविता लिहीत राहिलो. पण कवितेच्या निमित्ताने गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागातल्या शाळांमध्ये माझं जाणंयेणं असतं. महापालिकेच्या शाळा, अनुदानित मराठी शाळा, उर्दू शाळा. वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून जे पाहिलं, ऐकलं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. इंटरनेटच्या कितीतरी आधी आपल्याकडे एक मोफत साधन होतं, धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा काढायचं. 'धुळाक्षरं' हा शब्द त्यातूनच आला. मद्रासमध्ये १७८९ पासून लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे होता. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ साली लंडनमध्ये त्याने या प्रयोगाविषयी पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडमधल्या गोरगरिबांच्या शाळांमध्ये वाळूच्या पाट्या दिसू लागल्या. आपल्या ओसरीवरचं साधन बोटीत बसून विलायतेला गेलं, आणि त्यासाठी कुणी कुणाला पैसे दिले नाहीत.

या धूळपाटीत चार गोष्टी होत्या. बोट मुलाचं चालायचं, गुरुजींचं नव्हे. चूक पुसली जायची आणि तिची लाज उरत नसे. माती गावातली होती, त्यामुळे बाहेरून काही मागवावं लागत नसे. आणि चौथी गोष्ट, जी तेव्हा कुणाच्या ध्यानातही आली नसेल: धूळ काही लक्षात ठेवत नसे. कोणत्या मुलाने किती वेळा चूक केली, तो किती वाजता बसला, कुठे राहतो, याची नोंद धुळीत राहत नव्हती. आजचं मोफत साधन वर्गात आणताना याच चार गोष्टी विचाराव्यात, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संगणकावर किंवा फोनवर मोफत उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तकांत छोटे काळे-पांढरे चौकोन छापलेले असतात, ते क्यूआर कोड. फोन त्यावर धरला की केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या २०१७ साली सुरू झालेल्या व्यासपीठावरची चित्रफीत किंवा सराव उघडतो. या चौकोनाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट कंपनीकडे होतं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं तिने ठरवलं. म्हणून तो जगभर पसरला. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकाला चिकटवला. मुलांसाठी लागणाऱ्या कविता, धडे, चित्रफिती स्वतः जमवून त्यांनी त्या चौकोनामागे ठेवल्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपल्याकडे चर्चा पुरस्काराच्या रकमेची झाली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळी. कोड फुकट होता, पण त्यामागे काय ठेवायचं हे आपल्या वर्गातली मुलं ओळखणाऱ्या एका शिक्षकाने ठरवलं.

दुसरं साधन 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्स या संस्थेने ते २०१५ साली सुरू केलं. यात मुलांची चित्रमय पुस्तकं आहेत, तीनशेहून अधिक भाषांत आहेत, मराठीतही भरपूर आहेत. त्यांचा परवाना असा आहे की गोष्ट वाचा, छापा, तिचं भाषांतर करा, ती सोपी करा, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा. तिसरं नाव पुण्याच्या अरविंद गुप्तांचं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाने आपल्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तकं आणि खेळण्यांच्या कृती मोफत ठेवल्या आहेत, मराठीतही ठेवल्या आहेत. आणि एक खजिना आपल्या घरचाच. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लेखी आणि ध्वनिमुद्रित रूपात लोकांसमोर आणायला सुरुवात केली. लालबाग-परळच्या चाळींत ज्यांच्या पणज्या कोकणातून आणि घाटावरून आल्या, त्या मुलांना तो आवाज ऐकवला की वर्ग चिडीचूप होतो, हे मी पाहिलं आहे.

म्हणजे साधनांची वाण नाही. ती वर्गात कशी उतरतात हा प्रश्न आहे.

टाळेबंदीने हा प्रश्न आपल्यासमोर उघडा करून ठेवला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीची मुलं वर्गात परतायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला. पावणेदोन वर्षं. पहिलीत दाखल झालेलं मूल शाळेचा उंबरठा न पाहता दुसरीत गेलं. बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. घरात एक फोन, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा आणि वर्ग भरायचा सकाळी दहाला. साधन मोफत होतं, पण फोन, नेटचा पैसा, बसायला कोपरा आणि शेजारी बसणारं मोठं माणूस यांतलं काहीच मोफत नव्हतं. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका लागायची. पहिली ते आठवीच्या पाठांवरची ती मालिका एम. के. सी. एल. नॉलेज फाउंडेशनने केली होती. तिला नेट लागत नव्हतं. घरातला जुना टीव्ही पुरत होता. किती नवं साधन वापरलं यापेक्षा ते कितीजणांच्या घरात पोहोचलं हे मोजायचं असतं, ते तेव्हा कळलं.

आता शाळा भरल्या आहेत. फोन बाईंच्या हातात आहे, वर्गात एखादा टीव्ही आहे. मी पाहिलेला एक तास सांगतो.

परळच्या एका शाळेत चौथीचा वर्ग. बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, हिंदमाताला पाणी का तुंबतं? प्रत्येकाकडे उत्तर होतं. कुणी म्हणालं, लोक कचरा टाकतात. कुणी म्हणालं, भरती असते. एक मुलगी म्हणाली, "बाई, तिथे साड्यांची दुकानं आहेत म्हणून." हशा पिकला. बाईंनी तेही उत्तर फळ्यावर लिहिलं. मग फोन टीव्हीला जोडून गूगल अर्थ उघडलं. त्यात एखाद्या जागेवर खूण नेली की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. दाट वस्तीत आकडा काटेकोर नसतो, पण चढउतार समजतो. मुलांनी एकेक जागा सांगायची आणि एकाने वहीत आकडा लिहायचा. गोलंजी टेकडी, शिवडी, वरळी, त्यांची शाळा, आणि हिंदमाता. पाच आकडे एकाखाली एक आल्यावर मुलांनाच दिसलं की हिंदमाता म्हणजे परातीचा तळ आहे.

इथे बाईंनी पडदा बंद केला. खरोखरची परात घेतली, तिच्यात भिजवलेल्या मातीचे दोन ढीग केले. एक परळ, एक वरळी. मुंबई सात बेटांची होती हे मुलांना पुस्तकातून माहीत होतं. बेटांच्या मध्ये पाणी आणि चिखल होता, अठराव्या शतकात वरळीच्या खिंडारावर बांध घातला गेला, हॉर्नबी वेलार्ड, तो १७८४च्या सुमारास पूर्ण झाला, आणि मग मधली जमीन हळूहळू भरत गेली. परातीत तांब्याने पाणी ओतल्यावर ते कुठे जमलं हे सांगायची गरज उरली नाही. घरचा अभ्यास होता, २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात तुमच्या दारात किती पाणी होतं ते मोठ्यांना विचारून या. दुसऱ्या दिवशी मुलं उत्तरं घेऊन आली: जिन्याची तिसरी पायरी, आजीची कंबर, रिक्षाचं नव्हे तर टॅक्सीचं बॉनेट, कारण इथे रिक्षा नसते. मग महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानात आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात जमिनीखाली पाणी साठवण्याच्या टाक्या का बांधल्या, ते समजून घ्यायला मुलांना पाच मिनिटं पुरली.

दीड तासात पडदा दहा मिनिटं चालू होता. बोट मुलांचं होतं, चुकीची उत्तरं फळ्यावर होती, माती परळची होती. धूळपाटीच्या तीन अटी त्या तासाने पाळल्या. हाच विषय पंधरा मिनिटांची तयार चित्रफीत लावूनही 'झाला' असता. चित्रफीत सुंदर असती, मुलं शांत बसली असती, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या कंबरेची नोंद कुणी आणली नसती.

दुसरा अनुभव भाषेचा. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. कित्येकदा एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर एक माध्यम, वरच्या मजल्यावर दुसरं. मधल्या सुट्टीत एकाच नळावर पाणी पिणारी मुलं एकमेकांची पुस्तकं वाचू शकत नाहीत. अशाच एका इमारतीत दोन शिक्षिकांनी स्टोरीवीव्हरवरची एकच चित्रगोष्ट घेतली. एक मजला मराठीत वाचणार, दुसरा उर्दूत, आणि मग दोन्ही वर्ग एकत्र बसून चित्रं तीच ठेवून शब्द ताडून पाहणार. माझं घर कोकणी मुसलमानाचं, दोन्ही भाषा कानांवरच्या, म्हणून मला मध्ये बसवलं होतं.

चित्रात एक मुलगी पाठीवर पिशवी घेऊन शाळेत चालली होती. मराठी वर्गाने वाचलं, दफ्तर. उर्दू वर्गातली मुलं खो खो हसायला लागली. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, आणि पाठीवरच्या पिशवीला ती मुलं म्हणतात बस्ता. एक मुलगा मला म्हणाला, "चाचा, ये लोग रोज पीठ पे ऑफिस लेके आते हैं क्या?" मग शोधच सुरू झाला. मराठीतला कागद तिकडे कागज. हजेरी दोन्हीकडे ओळखीची. मराठीतली शाई तिकडे स्याही. आणि शेजारच्या हिंदी माध्यमातला एक मुलगा डोकावून म्हणाला की आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिकणं, तेव्हा मराठी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एका तासात मुलांनी शब्दांचा तक्ता केला आणि जिन्यात लावला. तक्ता पाहायला मोठी माणसंही थांबायची.

हे का जमलं? कारण ते साधन नुसतं मोफत नव्हतं, मुक्त होतं. इथे आपल्या तीन शब्दांत चौथा घालावा लागतो. मोफत म्हणजे पैसे न देता मिळणारं. मुक्त म्हणजे हातात घेऊन बदलता येणारं, छापता येणारं, दुसऱ्याला देता येणारं. एखाद्या कंपनीचं मोफत ॲप उत्तम असू शकतं, पण त्यातल्या गोष्टीतलं एक वाक्य परळच्या मुलासाठी बदलायचं म्हटलं तर बदलता येत नाही. मुक्त पुस्तकात 'खेत' काढून 'गल्ली' घालता येते. शिक्षकाला हा फरक माहीत असला पाहिजे, आणि त्याला तो कुणीतरी सांगितला पाहिजे.

बदल करण्याची गरज किती बारीक पातळीवर असते, पाहा. पहिलीतलं मूल पुस्तकात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकतं. मराठीच्या वर्णमालेत शासनाने हीच रूपं सांगितली आहेत. पण पडद्यावरची पुष्कळशी अक्षरं हिंदीच्या वळणाची असतात, तिथे उभ्या दांड्याचा ल आणि गाठीचा श येतो. मोठ्यांना फरक जाणवत नाही. पण नुकतं वाचायला लागलेलं लालबागचं मूल पडद्यावर 'लालबाग' पाहून थबकतं, कारण आपल्याच वस्तीच्या नावातली दोन अक्षरं त्याला अनोळखी दिसतात. त्यावर उपाय आहे. मराठी वळणाचे टंक मोफत मिळतात, राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' त्यांतलाच एक. गोष्ट उतरवून घ्यायची, मराठी वळणाच्या अक्षरांत छापायची आणि मुलांच्या हातात द्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हा अर्धा तासच मिळत नाही. मोफत साधनाची खरी किंमत शिक्षकाच्या वेळेत मोजावी लागते. दहा चित्रफिती पाहाव्यात तेव्हा एक कामाची सापडते. गोष्ट आधी स्वतः वाचावी लागते. आपल्या बाईंना निवडणुकीचं काम असतं, सर्वेक्षणं असतात, पोषण आहाराचा हिशोब असतो, ऑनलाइन माहिती भरायची असते. माहिती भरायला जेवढी यंत्रं आली, तेवढा शिकवायचा वेळ कमी झाला, असं शिक्षक बोलून दाखवतात. शाळेला टीव्ही देणारे देणगीदार भेटतात, फीत कापली जाते, फोटो येतो. त्या टीव्हीवर सोमवारी काय दाखवायचं हे ठरवण्यासाठी शनिवारी दोन तास मोकळे देणारा कुणी भेटत नाही.

आता धूळपाटीची चौथी अट. लालबागच्या एका पालकसभेत बाई नव्या ॲपची माहिती देत होत्या. एक ताई उठून म्हणाल्या, "बाई, फुकट आहे म्हणता, मग देणाऱ्याला त्यातनं काय मिळतं?" सभेत कुजबूज झाली, पण प्रश्न लाख मोलाचा होता. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये एक अहवाल काढला. महामारीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी मुलांसाठी सुचवलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनं त्यांनी तपासली. शंभरातली ८९ साधनं मुलांवर पाळत ठेवणारी किंवा ठेवू शकणारी निघाली. मूल कुठे आहे, काय पाहतं, ही माहिती जाहिरातवाल्यांपर्यंत जात होती. आपल्या 'दीक्षा'चाही त्या अहवालात उल्लेख होता. भारतात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती घ्यावी आणि मुलांचा माग काढून जाहिराती करू नयेत, असं तो सांगतो.

कायदा आपल्या जागी आहे, पण वर्गातही काही गोष्टी आजपासून करता येतात. प्राथमिक वर्गातल्या मुलाच्या नावाने कुठेही खातं उघडू नये. खातं लागलंच तर ते शिक्षकाचं, एकच. जे उतरवून घेता येतं ते उतरवून घ्यावं आणि वर्गात नेट बंद ठेवून वापरावं. मुलांचे फोटो, जन्मतारखा, पत्ते कोणत्याही ॲपला देऊ नयेत, आणि पालकांच्या गटावर टाकतानाही दोनदा विचार करावा. एखादं ॲप गोष्ट वाचायला देण्याआधी घराचा ठावठिकाणा मागत असेल, तर त्या गोष्टीशिवाय आपलं चालतं.

उतरवून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मोफत वस्तू केव्हाही काढून घेतली जाते. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहून एक पिढी मोठी झाली. २०१७ साली ती बंद पडली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश नावाचं तंत्र बंद झालं आणि शाळांच्या संगणकांवरचे कितीतरी खेळ, कविता, अंकगणिताची कोडी एका रात्रीत मुकी झाली. मुलांना संगणकाला सूचना द्यायला शिकवणारं 'स्क्रॅच' हे साधन मात्र टिकलं, कारण त्याच्या कर्त्यांनी जानेवारी २०१९ मध्येच ते नव्या तंत्रात नेऊन ठेवलं होतं. ज्या साधनामागे सांभाळणारी माणसं असतात ते राहतं. शाळेनेही आपला मोफत साठा असाच सांभाळायला हवा. एका पेनड्राइव्हमध्ये आणि एका कपाटात, छापलेल्या कागदांच्या रूपात.

एक शेवटचा मुद्दा, माझ्या धंद्यातला. हल्ली विचारलं की उत्तर लिहून देणारी यंत्रं मोफत मिळतात. चौथीतल्या एका मुलाने मला पावसावरची कविता आणून दाखवली. यमकं चोख. मोर नाचत होता, बेडूक गात होता, शेत हिरवंगार झालं होतं. मी त्याला विचारलं, मोर कुठे पाहिलास? तो म्हणाला, "राणीच्या बागेत. पण तेव्हा पाऊस नव्हता." मग आम्ही दोघे बोलत बसलो. त्याचा पाऊस काय होता? चाळीच्या पत्र्यावरचा आवाज, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आत घ्यायची धावपळ, बंद पडलेली बस, आणि 'आज शाळा सुटली' असं ओरडणारा दादा. त्याने चार ओळी लिहिल्या. एकही यमक जुळलं नव्हतं. पण त्या ओळी दुसऱ्या कुणाला लिहिता आल्या नसत्या. यंत्राची कविता आम्ही फाडली नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि वर्गाला विचारलं, यातला परळचा पाऊस कुठला? हात झटपट वर झाले. अशा यंत्राचा प्राथमिक वर्गात हा एक उपयोग मला पटतो. ताडून पाहायला घ्यावं, पण मुलाचा पहिला खर्डा त्याच्याकडून लिहून घेऊ नये. लहान वयात वाकडंतिकडं लिहिण्याचा हक्क फार मोलाचा असतो.

श्रोतेहो, गिरगाव, दादर, परळच्या मराठी शाळांतले वर्ग रोडावले आहेत, हे आपण सगळे जाणतो. एकेकाळी पन्नास-साठ मुलं बसायची तिथे आज पंधरा-वीस दिसतात. याची खंत आपण खूप केली. पण वीस मुलांच्या वर्गात एक पडदा पुरतो, प्रत्येकाला आकडा वाचायची पाळी मिळते, प्रत्येकाची ओळ ऐकून घेता येते. उरलेल्या शाळा टिकवायच्या असतील, तर त्या वर्गांत आज जे घडू शकतं ते घडवलं पाहिजे. पालक शाळा निवडताना तेच पाहतात.

त्यासाठी लागतात थोडी माणसं. या भागात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शहराबाहेर राहायला गेलेले पण मन इथेच असलेले माजी विद्यार्थी आहेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे, वस्त्यावस्त्यांत वाचनालयं आहेत, दुपारी त्यांचे वाचनकक्ष शांत असतात. आठवड्यातून दोन तास तिथे बसून एखाद्या इयत्तेसाठी दहा गोष्टी निवडाव्यात, मराठी वळणाच्या अक्षरांत छापाव्यात, फोनवर आपल्या आवाजात वाचून ठेवाव्यात. आजीच्या आवाजातली ओवी, आजोबांच्या आवाजात गिरणीच्या भोंग्याची आठवण, तीही नोंदवावी. ते सगळं जवळच्या शाळेच्या बाईंना नेऊन द्यावं आणि विचारावं, पुढच्या आठवड्यात काय हवं? जूनमध्ये शाळा सुरू होते. मे महिन्याची एक दुपार यासाठी काढली, तर पहिल्या दिवशी वर्गात काहीतरी तयार असेल.